अडकलेलं चित्र

"बघा, बघा, कशी पळत आली!"

उज्ज्वलाताईंनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. सांगलीला विश्रामबागेत त्यांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हॉल बायकांनी भरलेला. मोबाईलमध्ये माझी नात रेवा, जर्मनीत, स्टुटगार्टला. दोन शेंड्या, नाकाला जॅम. तिनं थेट काचेवर ओठ टेकवले.

"आजी, पापी!"

ती आजी म्हणजे उज्ज्वलाताई. माझी विहीण. मी शेजारी बसले होते, हातात तिळगूळ घेऊन.

"आणि ही कोण गं? ओळख बघू!" असं म्हणून ताईंनी मोबाईल माझ्याकडं वळवला.

रेवानं मान वाकडी केली. माझ्याकडं नीट बघितलं. आणि ओरडली, "चौकोनी आजी!"

सगळ्या बायका फिस्सकन हसल्या. कुणीतरी विचारलं, चौकोनी म्हणजे हो? उज्ज्वलाताईंनी मोठ्या मायेनं समजावून सांगितलं.

"अहो, ह्यांच्याकडचं नेट तसलं आहे ना. ह्या बोलायला लागल्या की तिकडं नुसते चौकोन चौकोन दिसतात. लेकराला वाटतं आजी अशीच असते."

मीही हसले. हसायलाच लागतं. तिळगूळ तोंडात टाकला आणि दाताखाली असा फोडला की शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

निघताना दारात ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "मग काय ठरलं, विहीणबाई? ह्या बाळंतपणाला तुम्ही जाणार की मी?"

"दुसरं आहे. पहिलं माहेरचं झालं, तुम्ही जाऊन आलात. दुसरं सासरचं. मी जाणार."

"हो हो, रीत आहेच तशी. रीत कोण मोडतंय? पण थंडी फार हो तिकडं. आणि माझ्या लेकीला, केतकीला, माझी सवय झालीय. रोज भाजीसुद्धा मला विचारून टाकते."

"माझा मुलगा मला विचारून जन्माला आला होता," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. पण त्यांचं तोंड बंद झालं, तेवढंच पुरे होतं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण सांगली ते कऱ्हाड त्या एसटीत माझ्या पोटात जी आग पडली होती ती मला अजून आठवते. मत्सर, जळफळाट, काय म्हणायचं ते म्हणा. लोक म्हणतात आईच्या मनात असलं काही नसतं. असं म्हणणाऱ्यांना आई तरी नसते किंवा विहीण तरी.

माझी तयारी झाली होती. केतकीला सातवा लागायच्या आत पासपोर्ट आला होता. नेसून नेसून मऊ झालेली सुती लुगडी फाडून दुपटी शिवली होती. अळीव, डिंक, बाळंतशेपा निवडून ठेवल्या होत्या. फक्त तिकीट व्हायचं होतं. आणि तिकिटाचं बोलायला गेलं की नेमकं चित्र अडकायचं.

दर रविवारी संध्याकाळी माझ्या मुलाचा, सुयोगचा फोन. मोबाईलवर रेवा करंगळीएवढी दिसायची, आणि माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हणून मी त्याचा कॉलेजातला जुना लॅपटॉप उघडून बसायची. सुरुवातीला ठीक. जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाणी येतं का. चित्र फाटायचं, जुळायचं, पुन्हा फाटायचं. मग मी म्हणायची, "सुयोग, तिकिटाचं काय केलंस?"

आणि तो थांबायचा. तोंड अर्धं उघडं, डोळे तसेच. आवाज नाही, हालचाल नाही. मी हाका मारायची. लॅपटॉपच्या पाठीवर थापट्या मारायची. मग कॉल तुटायचा आणि मोबाईलवर त्याचा मेसेज यायचा. "आई, नेट गेलं तुझं. पुढच्या रविवारी बोलू."

माझं नेट. माझं डबडं. आणि तिकडं विश्रामबागेत काचेवर पापी.

सोमवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून मी दत्त चौकात तौफिक बागवानच्या दुकानात गेले. तौफिक सुयोगच्या वर्गातला. मोबाईल, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बोलायला तिखट, म्हणून माझं त्याचं जमतं.

"काकू, हे अजून जिवंत आहे?"

"मी आहे तवर हे राहणार. चित्र अडकतं. नीट कर."

"नेट कुठलं घेतलंय?"

"नवीन घेतलंय. वायरचं. सगळ्या सोसायटीनं घेतलंय."

त्यानं लॅपटॉप चालू केला, इकडं तिकडं बघितलं आणि खुर्चीत मागं रेलला. "नेट चांगलंय तुमचं. ह्याच्या आतलं वायफायचं कार्ड जुनं आहे. तुमच्या घरातल्या नेटच्या डब्यातनं दोन रस्ते निघतात. एक जुना, एक नवा. ह्याला फक्त जुना दिसतो. आणि त्या रस्त्यावर अख्ख्या सोसायटीची गर्दी."

"मग नवं कार्ड टाक."

"टाकतो. पण काकू, एक सांगा. चित्र कधी अडकतं?"

"तिकिटाचं विचारलं की."

तो माझ्याकडं बघत राहिला. "दर वेळी तिथंच?"

"तिथंच. माझं नशीब."

 त्यानं ड्रॉवर उघडून नवं कार्ड काढलं. "आठ दिवस ठेवून जा. नंबर लागलेत."

"रविवारी फोन यायचा आहे. आत्ता कर. नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर इकडं दे, मी करते."

"तुम्ही?"

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासनं मी मीटरच्या कारखान्यात केसाएवढ्या तारा चिमट्यानं जोडत होते. दे इकडं."

दिला. हसत दिला, पण दिला. बॅटरी काढली, पालथा घातला, खालचं झाकण सोडवलं. आत धूळ, आणि एका कोपऱ्यात दोन बोटांएवढी हिरवी पट्टी, तेच ते कार्ड. तिच्यावर दोन बारीक तारा, एक काळी, एक पांढरी. टोकाला मोहरीएवढ्या सोनेरी टोप्या.

"ओढायचं नाही. सरळ वर उचलायचं," तौफिक म्हणाला. "टोपी तुटली तर काम संपलं."

"तू बोलू नकोस. माझा हात हलतो."

टोप्या निघाल्या. स्क्रू काढल्यावर जुनी पट्टी आपोआप तिरकी उठली. नवी त्याच तिरक्या वाटेनं आत सरकवली, दाबून आडवी केली, स्क्रू लावला. टोप्या बसवायला लागले तर त्या बसेनात. मी अंगठ्यानं दाबलं.

"काकू! नखानं. आणि आधी समोरासमोर आणा."

"माहीत आहे मला."

टक. दुसरी. टक. ते दोन आवाज ऐकून मला उगाचच वाटलं, सांगलीत कुणाची तरी बांगडी पिचली.

बॅटरी लावली. बटण दाबलं. काळा पडदा आणि वर पांढरी इंग्रजी अक्षरं. पुढं काही नाही.

"काय म्हणतोय?"

तौफिकनं कपाळाला हात लावला. "विसरलोच मी. ह्या कंपनीच्या मशीनमध्ये आत पहारेकरी बसवलेला असतो. कार्ड त्याच्या ओळखीचं असेल तरच मशीन चालू होतं. तो म्हणतोय, हे परकं आहे, काढा."

"परकं?"

"म्हणजे चांगलं आहे, फक्त ह्याच्या यादीत नाही."

मी त्या पडद्याकडं बघत बसले. नवीन कोरं कार्ड. ह्या घरात राबायला आलेलं. आणि दारातच सांगतायत, तू आमच्यातली नाहीस. मला कुणाचं काय आठवलं ते सांगायची गरज नाही.

"मग ओळखीचं आण," मी म्हटलं.

त्यानं माळ्यावरनं एक मेलेला लॅपटॉप काढला. हाच, पण ह्याच्यातला महागडा. स्क्रीन फुटलेली. "ह्यात त्याच कंपनीचं कार्ड आहे. दोन्ही रस्ते दिसणारं. हे तो ओळखेल." ह्या वेळी त्यानं मला काही सांगितलं नाही आणि मी अंगठा लावला नाही. बटण दाबलं. मशीन निमूट चालू झालं, आणि थोड्या वेळानं माझा सगळा लॅपटॉप डोळ्यांसमोर उघडला.

"आता बघा," तौफिक म्हणाला. "मुलाच्या दाढीचे केस मोजाल."

सुयोगला मी काही कळवलं नाही. का कळवायचं? मला त्याला अचानक दिसायचं होतं. सगळी, स्वच्छ, गोल. रेवानं 'चौकोनी' म्हणायला तोंड उघडावं आणि तसंच राहावं.

रविवारी संध्याकाळी डाळीचा कुकर लावला, नवी साडी नेसले आणि हॉलमध्ये बसले. कॉल आला. त्यांच्याकडं दुपार होती.

देवा. काय दिसत होतं! सुयोगच्या डोक्यातले दोन पांढरे केस दिसले. खिडकीच्या काचेवरचं धुकं दिसलं. टेबलावरच्या पुस्तकाचं नाव दिसलं. त्याच्यासमोर चहाचा मोठा पांढरा मग होता, मगाच्या कानाचा उडालेला टवकासुद्धा दिसला. केतकी मागं सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, पोटावर पांघरूण. माझं पोरगं मला किती दिवसांनी दिसलं. मी त्याच्या चेहऱ्याकडं आधाशासारखी बघत बसले.

"आई, कशी आहेस? गुडघा?"

"बरा आहे. रेवा कुठंय?"

"झोपलीय."

नेमकी. असू दे. मी एक दुपटं उचललं, निळं, काठाचं, आणि दोन्ही हातांनी लॅपटॉपसमोर धरलं. "हे बघ. ह्याच्या आधीची तीन पिवळी आहेत. सुयोग, आता पुढच्या महिन्यात यायला हवं मला. तिकिटाचं काय केलंस?"

तो थांबला.

तोंड अर्धं उघडं, डोळे तसेच. आवाज नाही, हालचाल नाही.

 एवढं करून पुन्हा तेच? तौफिकला शिव्या द्यायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मला ती दिसली.

चहाच्या मगातनं वाफ वर जात होती. हळूच, वळत वळत. त्याच्या हनुवटीपर्यंत जायची आणि विरायची. मागनं दुसरी.

वाफ चालू होती. माझा मुलगा बंद होता.

लहानपणी गल्लीतली पोरं स्टॅच्यूचा खेळ खेळायची तेव्हा सुयोगला कुणी हरवू शकायचं नाही. नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. मी गॅलरीतनं कौतुकानं बघायची.

मी हाक मारली नाही. लॅपटॉपला थापटी मारली नाही. दुपटं दोन्ही हातांत तसंच धरून मीही थांबले. पापणी नाही, श्वास नाही. हात भरून आले. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते पुसायचं नव्हतं. बघू कोण आधी हलतं.

तो हलला. आधी बुबुळं. डावीकडं, उजवीकडं. मग पडद्याजवळ वाकून त्यानं माझ्याकडं बारकाईनं बघितलं. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते आणि त्याला ते कळत नव्हतं.

"अरे," तो म्हणाला, "ह्या वेळी खरंच अडकलं." आणि हसला. मान मोकळी केली आणि चहाचा मग उचलून घोट घेतला.

मागनं केतकी म्हणाली, "बंद कर मग ते. आणि किती दिवस हे नाटक करणार आहेस? सांगून टाक ना त्यांना. माझ्या आईचं तिकीट संक्रांतीच्या आधी काढलंय."

संक्रांतीच्या आधी. आणि ती बाई दारात माझा हात हातात घेऊन विचारत होती, तुम्ही जाणार की मी. हातातलं दुपटं थोडं खाली आलं असणार. त्याचं लक्ष नव्हतं.

"सांगतो म्हटलं ना."

"मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, ह्या वेळी तुझ्या आईला बोलाव. माझी आई इथं येऊन दिवसभर मैत्रिणींना माझं स्वयंपाकघर दाखवत बसते. मला काम करणारं माणूस हवंय रे. तूच नको म्हणालास."

मी ऐकत होते. जिच्यावर मी इतकी वर्षं दात खात होते, तिच्या तोंडून हे.

"तुला नाही कळायचं," सुयोग म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता. थकलेला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "ती बघत राहते, केतकी. मी जेवतो तर बघते. झोपतो तर बघते. बाबा गेल्यापासनं एकटक बघत आलीय. तू मला पाणी दिलंस तरी तिला लागतं, तू बघितलंस ना आपल्या लग्नात. तिला बाळ नको आहे. तिला मी हवा आहे."

स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली.

लांब, मोठी शिट्टी. सुयोगचा हात मगासकट हवेत थांबला. त्यानं हळूहळू पडद्याकडं मान वळवली.

मी दुपटं खाली ठेवलं. दोन्ही हात एकमेकांवर चोळले, मुंग्या आल्या होत्या.

"चहा गार होतोय," मी म्हटलं. "पी."

तो पुन्हा अडकला. खरंच सांगते. तोंड अर्धं उघडं, डोळे तसेच. सवयच लागली होती त्याला. फक्त कान लाल होत चालले होते, आणि माझ्या नव्या कार्डावर ते नीट दिसत होते.

"तू राहा तसाच," मी म्हटलं. "केतकी, तू हललीस. तू बोल."

केतकी सोफ्यावरनं उठली, पोटाखाली हात धरून पुढं आली आणि नवऱ्याची ऑफिसची खुर्ची चाकांवर त्याच्यासकट बाजूला ढकलली. त्या पोरीचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आई, तुम्ही ऐकलंत."

"सगळं."

"माझ्या आईचं तिकीट मी पुढं ढकलते. आधी तुम्ही या. ती नंतर येईल."

"ती रागावेल."

"रागावेल."

चांगली बाई असती तर म्हणाली असती, नको गं पोरी, माझ्यामुळं माय-लेकीत कशाला. मी तसली नाही. माझ्या डोळ्यांपुढं विश्रामबागेतला तो हॉल आला, हसणाऱ्या बायका आल्या.

"ढकल," मी म्हटलं.

व्हिसाचं सगळं केतकीनं केलं. सुयोग पुढच्या दोन्ही रविवारी पडद्यावर आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, गुडघ्याचं विचारलं आणि काम आहे म्हणून उठून गेला. उज्ज्वलाताईंनी एकदा फोन केला. म्हणाल्या, "जाताय तर जा, पण माझ्या पोरीला त्रास देऊ नका." मी म्हटलं, "तुमच्या पोरीनंच बोलावलंय." पुढं वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. दोघींनाही बरं वाटलं.

विमानतळावर सुयोग न्यायला आला. लांबनं हात केला. मग जवळ आला, पाया पडला.  समोर माणूस उभं असलं की चित्र अडकत नाही, हे त्या पोराला मी तिथं दाखवून दिलं. बॅग त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "केतकी कशी आहे?"

आणि मग मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

ठरवून. ताट वाढायचं आणि पाठ फिरवायची. तो जेवायला बसला की मी रेवाची वेणी घालायची. तो कामावरनं आला की मी केतकीचे पाय चेपायची. तो काही बोलला की उत्तर द्यायची, पण डोळे बाळाच्या अंगावर. मुलगा झाला होता. न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, टाळू भरायची, मांडीवर घेऊन बसायचं. कुणी म्हणेल, राग. रागच होता. माझ्या मुलाला माझी नजर टोचत होती ना? घेतली काढून. नवरा गेल्यावर त्या घरात बघायला दुसरं काय होतं, हे मी त्याला सांगत बसले नाही.

रेवा माझ्या गळ्यात पडायला लागली. चौकोनी आजी म्हणणं तिनं सोडलं नाही, पण ते आता ती मला हात लावून म्हणायची. केतकीच्या डोळ्यांखालचं काळं गेलं. घरात सगळं सुरळीत. फक्त सुयोग जेवताना घास हातात धरून थांबायचा. मला न बघता कळायचं.

एका दुपारी मी आतल्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालत होते. बाहेर सुयोग केतकीशी बोलत होता. आवाज हळू नव्हता. मला ऐकू जावं म्हणूनच तसं बोलणं होतं.

"हे बाळ आलं तसं आईचं माझ्याकडं लक्षच नाही. मी घरात आहे की नाही, तिला पत्तासुद्धा नसतो."

 तो दारात येऊन उभा राहिला. सावली पडली. लहानपणी ताप आला की असाच उभा राहायचा, कुणीतरी कपाळाला हात लावावा म्हणून.

मी मान वर केली नाही. पिवळं दुपटं झटकलं, काठ जुळवले आणि नीट, सावकाश घडी घातली.